समोर ठेवलेलं पिस्तूल

बेंट फोर्क, केंटकी
१२ ऑक्टोबर २०१०

चि. डेन्झिल यास,
वर्नाताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र नाही, निरोप नाही. आमच्या दरीत मोबाइलला रेंज नाही हे कारण तू किती वर्षं पुरवणार आहेस ते एकदा कळव. पोस्टमन मात्र इथवर रोज येतो, आणि ओहायोतल्या शहरांतही टपालपेट्या असतात अशी माझी समजूत आहे. ग्वेनचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने कमी चढ आणि नवऱ्याला कामाला लाव.

डॅडींचा खोकला आहे तसाच. खाण सुटली, पण खाणीतली धूळ छाती सोडायला तयार नाही. डावा कान आता शोभेपुरता उरलाय. मी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं रांधून घरी येते आणि डॅडी मला विचारतात, मक्याचा पाव आज एवढा कोरडा का.

पण लिहायला बसले ते वेगळ्या कारणासाठी. गेल्या आठवड्यात शेरीफच्या कचेरीत नव्यानं आलेल्या डेप्युटीनं डॅडींचा पिकअप ट्रक थांबवला. मागचा दिवा फुटला होता, एवढंच. डॅडींनी नेहमीप्रमाणे सीटखालचं पिस्तूल काढलं आणि समोर डॅशबोर्डवर ठेवायला लागले. तुला ठाऊकच आहे, आपल्याकडची ती रीतच. पिस्तूल लपवलं तर लबाडी, समोर ठेवलं तर इमान. जुना शेरीफ यायचा, काचेतून पिस्तूल बघायचा, आईची चौकशी करायचा आणि जायचा. हा पोरगा बाहेरगावचा. तो आपल्या गाडीमागे दडला, डॅडींवर पिस्तूल रोखलं आणि ओरडायला लागला. डॅडींना त्यातलं अक्षरही ऐकू गेलं नाही. ते दार उघडून खाली उतरत होते, त्याला रामराम करायला. नशिबानं पोस्टमन मागून येत होता. तो ओरडला की हा एस्टिल कॉडिल आहे, बहिरा आहे, गोळी घालू नका.

डॅडी घरी येऊन हसत सांगत होते की पोरगं घाबरट आहे. मला हसू आलं नाही. मी मागे कोंबड्यांना दाणे टाकायला म्हणून गेले आणि तिथे रडले.

माझ्या घरातला एक माणूस पिस्तूल घेऊन गाडीत बसतो, आणि दुसरा पिस्तूल घेऊन असल्याच गाड्यांकडे चालत जातो. मला दोघंही हवे आहेत, डेन्झिल. देवाजवळ मी दुसरं काही मागत नाही. माझं डॅडी ऐकत नाहीत. तू पोलीस आहेस, तू काहीतरी लिही.

ग्वेनला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस, पत्र टाक.

तुझी,
वर्नाताई


२० ऑक्टोबर २०१०

ती. ताईस,
डेन्झिलचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. कोरड्या पावावर हसलो, पण पुढे वाचताना हसू गेलं.

डॅडींना तो पोरगा घाबरट वाटला. तो ज्या जागी उभा होता तिथे मी रोज उभा असतो. मागून काय दिसतं सांगू? एक पाठ दिसते. मग एक खांदा खाली जातो, हात सीटखाली जातो आणि वर येतो तेव्हा त्यात लोखंड असतं. आत बसलेला माणूस इमान दाखवतोय की जीव घ्यायला निघालाय, हे मागून कळत नाही. कळायला जेवढा वेळ लागतो तेवढा मिळत नाही.

म्हणून डॅडींना सांग, पिस्तूल जिथे आहे तिथेच राहू दे. गाडी मोकळ्या जागी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, काच खाली करायची, अंधार असेल तर आतला दिवा लावायचा. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर, वरच्या बाजूला, बोटं उघडी. खाली उतरायचं नाही. पोलीस खिडकीशी आला की शांतपणे सांगायचं, मला कमी ऐकू येतं, गाडीत पिस्तूल आहे, सीटखाली आहे, मी काय करू ते तुम्ही सांगा. सांगताना बोट दाखवायचं नाही. हे फार महत्त्वाचं आहे, कारण आपल्या घरात हात हलवल्याशिवाय कुणाला बोलता येत नाही. लायसन्स आणि विम्याचे कागद पिस्तुलाजवळ ठेवायचे नाहीत. ते डोक्यावरच्या उन्हाच्या झडपेत खोचून ठेव. आणि काहीही घ्यायला हात हलवण्याआधी तोंडानं सांगायचं, मगच हलवायचा, सावकाश.

इथे ओहायोत पिस्तूल असल्याचं आधी सांगणं कायद्यानंच बंधनकारक आहे. तिकडे नसलं तरी सांगावं. कुणी असं सांगितलं की मला हायसं वाटतं. ज्याला मला मारायचंय तो आधी सांगत नाही.

आमच्याही बाजूनं काही करायचं असतं. मी आधी माझं नाव सांगतो, गाडी का थांबवली ते सांगतो, एका वेळी एकच गोष्ट करायला सांगतो. माणूस पिस्तूल आहे म्हणाला की मी म्हणतो, ठीक आहे, तुम्ही तुमच्याला हात लावू नका, मी माझ्याला लावत नाही. बहुतेक जण हसतात. नव्या पोरांनाही मी हेच शिकवतो.

ग्वेनचा गुडघा बरा आहे, जिने मीच चढतो. लोभ आहे तो तसाच ठेव.

तुझा,
डेन्झिल


२ नोव्हेंबर २०१०

चि. डेन्झिल यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी डॅडींना त्यांच्या उजव्या कानाशी बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. शेजारच्या डोंगरावरच्या गाईंनाही आता हात कुठे ठेवायचे ते कळलं असेल. ऐकून झाल्यावर त्यांनी पत्राची व्यवस्थित घडी घातली आणि स्वयंपाकघरातल्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. टेबल आता हलत नाही, तेवढा उपयोग झाला.

म्हणतात, ज्याला मी बुटाची नाडी बांधायला शिकवली तो मला हात ठेवायला शिकवतोय. म्हणतात, हात वर ठेवून चोर बसतो. इमानी माणूस आपल्याजवळ आहे ते काढून समोर ठेवतो. मी म्हटलं, डॅडी, ते पोरगं तुम्हाला ओळखत नाही. तर म्हणाले, म्हणूनच तर दाखवायचं. त्यांच्या जागी ते खरेच आहेत, आणि त्यानंच ते मरतील अशी मला भीती वाटते.

कागदावरचं त्यांना पटणार नाही. थँक्सगिव्हिंगला ये आणि समोर उभं राहून सांग. ड्यूटी आहे असं कळवलंस तर तुझ्या वाटणीचा टर्की मी कुत्र्याला घालीन.

वाट बघते आहे, विसर पडू देऊ नये.

तुझी,
वर्नाताई


६ डिसेंबर २०१०

चि. डेन्झिल यास,
अ. उ. आ. वि. वि.

तू गेल्यापासून घर सुनं झालंय आणि अंग मात्र तुझ्या ताटात राहिलेल्या बटाट्यांनी जड झालंय, कारण ते मीच संपवले.

थँक्सगिव्हिंगला अंगणात डॅडींना ट्रकमध्ये बसवून तू त्यांची टोपी घालून, पोलीस बनून खुराड्यापासून ट्रककडे ऐटीत चालत निघालास तेव्हा मी पोट धरून हसत होते. डॅडींनी रिकामं पिस्तूल सीटखालून काढलं, वर आणलं, आणि तू थांबलास. टोपी काढलीस. डॅडी, आत्ता मी तुम्हाला गोळी घातली असती, एवढंच म्हणालास. मला वाटलं डॅडी चिडतील. पण त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं आणि म्हणाले, जा, परत खुराड्यापासून चालत ये.

आता ऐक. तू गेल्यावर ते रोज सकाळी ट्रकमध्ये एकटे बसून सराव करतात. हात स्टिअरिंगवर आणि मला कमी ऐकू येतं, गाडीत पिस्तूल आहे, असं मोठ्यानं विंडशील्डला सांगतात. रस्त्यानं जाणाऱ्या बायांनी मला हळूच विचारलं की एस्टिल बरा आहे ना. आणि शुक्रवारी खरंच पुलाजवळ गाड्या तपासत होते. तोच डेप्युटी. डॅडींनी सगळं जसंच्या तसं केलं. पोरगा म्हणाला, आभारी आहे सर, आणि हातात हात दिला. घरी आल्यावर डॅडी म्हणाले, पोरगं तसं सरळ आहे. आता न्हाव्याच्या दुकानात बसून सगळ्या म्हाताऱ्यांना शिकवताहेत, जणू ही विद्या त्यांनीच शोधून काढली.

टेबलाखालचं तुझं पत्र काढून त्यांनी कागदांबरोबर झडपेत खोचलंय. टेबल पुन्हा डुगडुगतंय. डुगडुगू दे.

मी बऱ्याच महिन्यांनी शांत झोपले. अशीच माया असू दे.

तुझी,
वर्नाताई


१९ फेब्रुवारी २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू कुठे ऐकण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितो आहे.

गुरुवारी दुपारी उशिरा एक जुना ट्रक स्टॉपच्या पाटीला न थांबता पुढे गेला. मी थांबवला. सूर्य खाली आला होता आणि मागच्या काचेवर असा पडला होता की आत फक्त एक सावली दिसत होती. नंबरप्लेट इथलीच, ओहायोची. मी चालत निघालो. सावलीचा खांदा खाली गेला. मी ओरडलो, हात दाखवा.

त्यानं हात दाखवले, ताई. मी हात दाखवा म्हटलं आणि त्यानं हात वर आणले, आणि एका हातात पिस्तूल होतं. तो ते डॅशबोर्डवर ठेवत होता. नळी समोरच्या काचेकडे होती. हे मला नंतर दिसलं. आधी मी गोळी झाडली होती.

त्याचं नाव अर्विल प्रॅटर. कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर काम करून कान गेलेले. परवाना होता, खिशात. जन्म केंटकीचा, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला. तरुणपणी कामासाठी इकडे आला आणि राहिला, आपल्याकडचे कितीतरी आले तसा. मी त्याच्याजवळ बसून त्याची छाती दाबून धरली होती. त्यानं मला काहीतरी विचारलं. आपल्या डोंगरातल्या बोलीत विचारलं. मी काय चुकलो, असं विचारलं असावं. मला नीट ऐकू आलं नाही.

सगळे म्हणतात, त्या क्षणी दुसरं कुणीही हेच केलं असतं. असेल. पण या अख्ख्या शहराच्या पोलिसांत ती रीत ओळखणारा मी एकटा होतो. दुसरं कुणी असतं तर त्याला माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.

मला घरी बसवलंय, चौकशी चालू आहे. ग्वेन माझ्याशी हळू आवाजात बोलते, ते मला सहन होत नाही. डॅडींना सांगू नकोस. एवढं माझ्यासाठी कर.

तुझा,
डेन्झिल


२६ फेब्रुवारी २०११

चि. डेन्झिल यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र यायच्या आधीच त्यांना कळलं होतं. आपल्या रेडिओवर रोज सकाळी कोण गेलं, कुठे पुरणार ते वाचतात, आणि डॅडी उजवा कान रेडिओला लावून ते ऐकतात, हे तू विसरलास. अर्विल प्रॅटर, ओहायोत पोलिसांच्या गोळीनं निधन, मातीला गावी आणणार, असं निवेदक वाचून गेला. डॅडींनी मला विचारलं, ते डेन्झिलचंच शहर ना. मी म्हटलं, हो, पण तिथे पोलीस कितीतरी आहेत. दुपारी पोस्टमन तुझं पत्र घेऊन आला. ते वाचताना माझा चेहरा त्यांनी बघितला. मग विचारावं लागलं नाही.

मी तुला काय लिहू? तू जिवंत आहेस म्हणून मी आधी देवाचे आभार मानले, आणि त्याच दमात माझी मलाच लाज वाटली. मी दोघं मागितले होते, आणि दोघंही मला मिळालेत. त्या प्रॅटरची बायको पण काहीतरी मागतच असेल.

तू वाईट माणूस नाहीस. हे मी तुझी बहीण म्हणून लिहीत नाही. पण बहीण म्हणूनही लिहिते, घे.

डॅडी काल म्हणाले, कोंबडी आणि डंपलिंग कर, मोठ्या भांड्यात. मयताच्या घरी न्यायचं असतं तसं झाकून दे. मी कुणाकडे ते विचारलं नाही. त्यांनी चर्चचा कोट घातला, भांडं मांडीला लागून सीटवर ठेवलं आणि गेले. संध्याकाळी ते भांडं तसंच भरलेलं घेऊन परत आले. मी विचारलं, तर म्हणाले, तिथे खाणारं कुणी नव्हतं. आणि दाराशी बसून राहिले.

तू घरी ये रे. ग्वेनलाही आण. काही बोलायला लागणार नाही.

तुझीच,
वर्नाताई


३ मार्च २०११

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौकशी संपली. जे झालं ते नियमाला धरून होतं असा कागद मिळाला. सोमवारपासून कामावर ये म्हणालेत. मी अजून हो म्हटलेलं नाही.

घरी येणार नाही. अंगणात तो ट्रक उभा असेल, डॅडी समोर बसलेले असतील, आणि मी खुराड्याकडून चालत येईन. ते जमायचं नाही. प्रॅटरच्या बायकोला पत्र लिहायचं मनात होतं, वकिलानं मना केलंय. वकिलानं मना केलं याचं मला बरं वाटलं, हेही तुला सांगून ठेवतो.

डॅडी माझ्याबद्दल काय म्हणतात? असेल ते लिही, गोड करू नकोस.

डेन्झिल


बेंट फोर्क
९ मार्च २०११

चि. डेन्झिल यास,
आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही. आधी तुझी आई लिहायची, मग वर्ना. हेही तिला सांगून लिहून घेता आलं असतं, पण हे माझं आहे.

मी काय म्हणतो असं तू विचारलंस. आधी काय केलं ते सांगतो.

मी प्रॅटरच्या बायकोकडे गेलो होतो. माती झाल्यावर ती बहिणीकडे थांबली होती. मयताच्या घरी कोण कुठला ते कुणी विचारत नाही. वर्नाचं भांडं घेऊन त्यांनी टेबलावर ठेवलं, मला खुर्ची दिली, कॉफी दिली. ती बाई माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली. ओपल नाव तिचं. तिला वाटलं मी अर्विलबरोबर पोरवयात खाणीत होतो. मी तसं वाटू दिलं.

ती म्हणाली, जन्मभर त्यानं पिस्तूल समोर ठेवलं, शहरात गेल्यावरही. लपवायला मी चोर आहे का, म्हणायचा. मी म्हटलं, मीही तसाच होतो, या हिवाळ्यापर्यंत. तिनं विचारलं, मग कुणी सोडवलं. मी म्हटलं, मुलानं. ती म्हणाली, तुम्ही नशीबवान. आमचा मुलगा टेक्सासात असतो. तो फोनवर सांगायचा, पण अर्विलला फोन ऐकू येत नसे. तो नुसता हो हो म्हणायचा.

मग तिनं विचारलं, तुमचा मुलगा काय करतो.

तिथे खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं. कुठल्या शहरात ते तिनं विचारलं, तेही सांगितलं. नाव तिनं विचारलं नाही, मी होऊन सांगितलं.

ती उठली, टेबलावरून वर्नाचं भांडं उचललं, वरचा कपडा नीट केला, आणि माझ्या हातात दिलं. मला कुणी वाईट बोललं नाही. पायऱ्यांवर बर्फ होता, म्हणून तिचा भाऊ माझा दंड धरून मला ट्रकपर्यंत सोडायला आला.

मी तिच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

आता तुझं. तू चुकलास असं मी म्हणणार नाही आणि चुकला नाहीस असंही म्हणणार नाही. ते ठरवण्याइतका मी लांबचा नाही. मी आज जिवंत आहे तो तू अंगणात येऊन मला शिकवलंस म्हणून. हे मला त्या बाईच्या शेजारी बसल्यावर कळलं, आणि तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. तिच्या माणसाकडे अंगणात चालत यायला कुणी नव्हतं. त्याला शिकवणारा त्याला भेटला तो रस्त्यावर, आणि उशिरा भेटला.

काम करायचं की सोडायचं ते तू बघ. त्यात मी पडत नाही.

पण तू घरी यायचं. ट्रक मी शेडमध्ये नेऊन ठेवला आहे. तू हाक मारलीस तर मला ऐकू येणार नाही, म्हणून सरळ आत ये. आमच्या टेबलावर जे असेल ते तुझ्यापुढे वाढलं जाईल, आणि ते उचलून कुणी तुला परत देणार नाही. मला देता येण्यासारखं एवढंच उरलं आहे.

तुझा बाप,
एस्टिल